अकरा अर्जांचं दुसरं पान

शहापूरला ज्या कंप्युटर क्लासमध्ये मी शिकवायचे, तिथे एक दिवस पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ नाव नोंदवायला आले. वाशिंदच्या एका कारखान्यात त्यांनी पंचवीसेक वर्षं स्टोअर सांभाळलं होतं. कारखाना बंद पडला आणि घरी बसून राहणं त्यांना जमेना. पहिल्या दिवशी ते शेवटच्या बाकावर बसले आणि तास संपून सगळे गेले तरी थांबून राहिले. मला म्हणाले, "मॅडम, खरं सांगा, माझ्या वयात हे डोक्यात शिरंल काय?" मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते. वडिलांच्या वयाच्या माणसाने मॅडम म्हटलेलं मला ऐकवेना. मी त्यांना काका म्हणायला लागले आणि महिन्याभरात त्यांच्या तोंडी माझ्यासाठी 'बाय' आलं, आमच्या भागात घरातल्या लेकीला म्हणतात तसं.

शिरलं त्यांच्या डोक्यात. हळूहळू शिरलं, पण एकदा शिरलेलं बाहेर पडलं नाही. दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. क्लासच्या मालकांनी शिकवण्याबरोबर वेबसाइट बनवायची कामं घ्यायला सुरुवात केली होती आणि त्या कामाला माझ्या शेजारच्या खुर्चीवर काका बसू लागले. मी बीएस्सी होऊन, कल्याणला कंप्युटरचा डिप्लोमा करून आलेली. हात भराभर चालायचा. काका एका बोटाने टाइप करायचे, पण त्यांचा प्रोग्रॅम क्वचितच बिघडायचा.

त्या वर्षी मुरबाड भागात ज्युनिअर कॉलेजं चालवणाऱ्या एका संस्थेने अकरावीचे अर्ज कंप्युटरवर भरून घ्यायचं ठरवलं. डोळखांबकडच्या मुलीला नुसता अर्ज आणायला आणि परत द्यायला मुरबाडच्या दोन फेऱ्या पडू नयेत, हा हेतू. शहापूरला आमच्याकडे, किन्हवलीला एका झेरॉक्सच्या दुकानात आणि मुरबाडला खुद्द कॉलेजात, अशा तीन ठिकाणी अर्ज भरता येणार होते. वेबसाइट आम्ही दोघांनी बनवायची होती.

अर्ज तीन पानांचा केला. पहिल्या पानावर नाव, गाव, दहावीचे गुण. दुसऱ्यावर शाखा आणि विषय. तिसऱ्यावर पालकांची माहिती, आणि मग अर्ज दाखल. ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना एवढं सांगायला हवं की सर्व्हरला स्वतःहून काही आठवत नाही. पहिलं पान भरून दुसऱ्यावर गेलेली मुलगी त्याच्या लेखी नवीनच कुणीतरी असते. म्हणून सेशन ठेवावं लागतं. सरकारी दवाखान्यात आपल्या हातात नंबराची चिठ्ठी असते आणि कागद आतल्या कपाटात असतात, तसं. चिठ्ठी त्या कंप्युटरच्या ब्राउझरकडे, आणि त्या नंबराखाली भरलेली माहिती सर्व्हरकडे.

दुसरी गोष्ट इन्क्लुड फाईलची. जे काम सगळ्या पानांना लागतं ते एका फाईलमध्ये लिहायचं आणि प्रत्येक पानाने सुरुवातीला ती फाईल आत घ्यायची. एके ठिकाणी बदल केला की सगळीकडे बदलतो. मला त्यातली सोय दिसायची. काकांना त्यातली भीती दिसायची. स्टोअरमध्ये एकच किल्ली सगळ्या कपाटांना चालत असेल तर ती कोणी कधी नेली याची वही लागते, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी खरोखरच एक शंभर पानी वही आणली. सामाईक फाईलमध्ये जो काही बदलेल त्याने तारीख, बदल आणि कारण वहीत लिहायचं, आणि दुसऱ्याला दाखवल्याशिवाय फाईल सर्व्हरवर चढवायची नाही. मी मान हलवली. पहिली आठ-दहा पानं त्यांच्याच अक्षरात आहेत.

अर्ज सुरू होऊन तीन दिवस झाले असतील. मुरबाडहून कॉलेजच्या हेडक्लार्कचा फोन आला. तिथली इंटरनेटची लाइन मध्येच तुटायची. मुलं वैतागून पान पुन्हा लोड करायची आणि आधी भरलेलं सगळं कोरं होऊन जायचं. बाहेर रांग वाढत होती. काका त्या दिवशी आले नव्हते, मुलीला सासरी पोचवायला गेले होते. मी विचार केला आणि मला उपाय सुचला. सामाईक फाईलमध्ये एक अट घातली: सेशनमध्ये एखाद्या रकान्यात आधीच काही असेल तर त्याला हात लावू नये. म्हणजे कोरं पान पुन्हा आलं तरी जुनं पुसलं जाणार नाही. करून पाहिलं, चाललं. फाईल चढवली. मुरबाडहून पुन्हा फोन आला की आता ठीक आहे. मला स्वतःचं कौतुक वाटलं. वही ड्रॉवरमध्येच होती. उद्या लिहू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी शेणव्याच्या पुढच्या एका मुलींच्या वसतिगृहाच्या बाई अकरा मुलींना घेऊन आल्या. काळीपिवळी जीपमधून दाटीवाटीने आल्या होत्या. सगळ्या एकदम आत आल्या तेव्हा क्लासची खोली भरून गेली. प्रिंटर एकाच कंप्युटरला जोडलेला होता, म्हणून त्याच एका कंप्युटरवर अकराही जणींचे अर्ज भरायचे ठरले. बहुतेकींनी माऊस पहिल्यांदाच हातात धरला होता. मी शेजारी उभी राहून दाखवत होते. सगळ्यात जास्त गुणांची मुलगी पहिली बसली. तिने शाखेत सायन्स निवडलं, अर्ज दाखल केला, आणि नाव व नंबर असलेली पावती प्रिंटरमधून बाहेर आली. बाकीच्यांनी ती हातोहात पाहिली. मग दुसरी बसली, मग तिसरी.

माझी चूक इथे घडत होती आणि मी तिच्या शेजारी उभी होते. अर्ज दाखल झाल्यावर सेशन रिकामं करायला हवं होतं. ते मी केलंच नव्हतं, आणि आधी त्याने काही बिघडतही नव्हतं, कारण नवीन माहिती जुनीवर लिहिली जायची. पण आता ती नवी अट आड येत होती. पहिल्या पानावरची माहिती साठवायचा प्रोग्रॅम काकांनी वेगळा लिहिला होता, तिथे नाव-गाव बरोबर जात होतं. तिसऱ्याचंही तसंच. दुसरं पान मात्र सामाईक फाईलवर चालत होतं. प्रत्येक मुलगी पडद्यावर आपली शाखा निवडत होती, बहुतेकजणी आर्ट्स, आणि सर्व्हर पहिल्या मुलीचं सायन्स तिथे आधीच आहे असं पाहून नवी निवड लिहूनच घेत नव्हता. पावतीवर शाखा छापायचं आम्हाला सुचलं नव्हतं.

काही दिवसांनी याद्या लागल्या. बुधवारी दुपारी वसतिगृहाच्या बाई एकट्याच आल्या. रागावलेल्या नव्हत्या. खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या की आर्ट्सच्या यादीत आमची एकही मुलगी नाही. गुण कमी पडले असतील असं त्यांना आधी वाटलं होतं. पण पस्तीस-छत्तीसवाल्या मुलांची नावं यादीत होती आणि पन्नासवाल्या यांच्या मुलींची नव्हती. "मी काय चुकीचं भरून घेतलं का?" असं त्या विचारत होत्या. त्यांना वाटत होतं की चूक त्यांची.

काकांनी अकराही अर्ज पडद्यावर काढले. शाखा: सायन्स. खाली पुन्हा सायन्स. अकरा वेळा तेच, विषयांसकट.  मग त्यांनी सामाईक फाईल उघडली आणि बोट पडद्यावर ठेवलं.

"ही ओळ कधी आली, बाय?"

मी सांगितलं. त्यांनी ड्रॉवर उघडून वही काढली, त्या तारखेचं कोरं पान पाहिलं आणि वही तशीच टेबलावर ठेवली.  ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मी बाईंना म्हणाले, "चूक तुमची नाही, मुलींचीही नाही. माझी आहे." हे एवढं वाक्य बोलायला मला किती वेळ लागला ते त्या खोलीतल्या दोघांनी पाहिलं.

काकांनी मग सगळे अर्ज तपासले. मुरबाड केंद्रावरचे आणखी दोन अर्ज तसेच सापडले. एकाच कंप्युटरवर पाठोपाठ बसलेले मित्र होते ते; बाकी ठिकाणी दर अर्जाला ब्राउझर बंद करून नव्याने उघडला गेला होता, म्हणून ते अर्ज वाचले. त्यांचं हेडक्लार्कनी गावातच निरोप देऊन निस्तरलं. पण अकरा मुलींनी दुसऱ्या पानावर खरं काय निवडलं होतं, ते कुठेच राहिलं नव्हतं. सर्व्हरने ते ठेवलंच नव्हतं. ज्यांनी निवडलं होतं त्यांच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं, आणि अर्ज भरून झाल्यावर वसतिगृह रिकामं होऊन त्या आपापल्या गावी गेल्या होत्या.

मी हेडक्लार्कना फोन केला. ते शांत स्वभावाचे होते. शनिवारी दुपारी बारापर्यंत मुलीच्या आणि पालकाच्या सहीचा दुरुस्तीचा अर्ज आणलात तर दुसऱ्या यादीत घेतो, म्हणाले. त्यानंतर जागा राहणार नाहीत, आणि ते माझ्या हातात नाही, हेही म्हणाले. पहिल्या मुलीचा प्रश्न नव्हता. दहा जणी उरल्या. बाईंनी कागदाच्या पाठीवर दहाही पत्ते लिहून दिले. पत्ते म्हणजे खुणाच होत्या: पाण्याच्या टाकीपासून डावीकडे, शाळेच्या मागचा तिसरा उंबरा.

गुरुवारी सकाळी काका आपली एम-एटी दुचाकी घेऊन माझ्या दारात उभे राहिले. मी म्हटलं, तुम्ही कशाला, मी एसटीने जाते. त्यांनी फक्त मागच्या सीटवरचं फडकं झटकलं.

जुलै लागला होता. आमच्याकडे आवणी म्हणतात ती भाताची लावणी जोरात चालली होती, म्हणजे घरी कोणी सापडणार नव्हतं. प्रत्येक पाड्यावर आधी घर शोधायचं, मग तिथे राहिलेल्या एखाद्या म्हातारीला विचारून शेत शोधायचं. गाडी रस्त्याला लावून बांधावरून चालत जायचं. चपला हातात घ्याव्या लागायच्या. बांधावर उभं राहून मी हाक मारायचे आणि वाकलेल्या दहा-बारा पाठींमधली एक पाठ सरळ व्हायची.

काकांनी निघतानाच एक गोष्ट ठरवून टाकली होती. आधी सांगायचं की चूक आमची झाली. मग विचारायचं. सुचवायचं काहीच नाही. "तू आर्ट्स भरलं होतंस ना?" असं सुद्धा नाही. ती काय सांगते ते लिहायचं. त्या दोन दिवसांत मला कळलं की हे किती कठीण आहे. कागद हातात असलेल्या माणसाला मुली 'हो' म्हणतात. एकीला मी घाईत विचारलं, "आर्ट्सच ना?" ती हो म्हणाली. काकांनी मला मागे सारलं आणि पुन्हा सुरुवातीपासून विचारलं, तेव्हा कळलं की तिने कॉमर्स भरलं होतं.

बहुतेकींना आपण नापासच झालो असं वाटत होतं. पास झालेल्या मुलीला यादीत नाव नाही म्हणून आपण नापास झालो असं वाटावं, हे मला अजून सलतं. एका मुलीने पुस्तकं धाकट्या बहिणीला देऊन टाकली होती. आमचं ऐकल्यावर ती शेतातून तशीच चिखलाच्या पायांनी घरी गेली आणि पहिल्यांदा बहिणीकडून पुस्तकं परत मागून घेतली, मग सही केली. दुसऱ्या एका घरी आईने आम्हाला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. आमच्या चुकीचा त्यांना राग का येत नाही, असं मी काकांना विचारलं. काका म्हणाले की चूक झाल्यावर घरापर्यंत येऊन सांगणारं कोणी त्यांनी पाहिलंच नसेल, राग कुठून येणार.

शुक्रवारी दुपारी आम्ही टोकावड्याच्या बाजूला होतो. आठवी मुलगी. तिचे गुण साठाच्या वर होते आणि सायन्सच्या यादीत अगदी खाली का होईना तिचं नाव लागलं होतं. ती शेतातून बांधाजवळच्या पाटावर आली आणि हात धुवायला वाकली. वडील लांब दुसऱ्या तुकड्यात नांगर धरून होते. मी सगळं सांगून झाल्यावर विचारलं, तू दुसऱ्या पानावर काय निवडलं होतंस.

"आर्ट्स."

मी लिहायला घेतलं. ती वाकलेलीच राहिली.

"पन नाव सायन्सला लागलंय ना, ताई?"

"लागलंय. पण ते चुकून."

"मग ऱ्हाऊ द्या ना तसंच."

मी पेन थांबवलं. तिने हळूहळू सांगितलं. आर्ट्सचं कॉलेज दुपारी सुटतं, मग घरी येऊन कामाला हात लावता येतो, म्हणून घरच्यांनी आर्ट्स ठरवलं होतं. तिने विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे तिला वाटलं नव्हतं. यादी लागल्यावर गावातल्या कोणी तरी सांगितलं की तुझं नाव सायन्सला आहे. तेव्हापासून ती कुणाला काही न सांगता वाट पाहत होती, की हे कधी काढून घेतील.

वडील नांगर सोडून आमच्याकडे यायला लागले. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मागणं काय आहे ते मला समजलं. वडील जवळ आले, टॉवेलने तोंड पुसलं आणि कोण, कुठले, विचारलं. काका बोलायच्या आधी मी बोलले. तुमच्या मुलीचं नाव सायन्सच्या यादीत लागलंय, ते कायम ठेवायच्या कागदावर सही हवी आहे, म्हटलं. त्यांनी विचारलं, हे कंप्युटरनं दिलं काय. मी म्हटलं, यादीत लागलंय. त्यांनी कागदाकडे पाहिलं. आमच्या पाड्यावरून सायन्सला अजून कोणी गेलं नाही, असं स्वतःशीच म्हणाले, आणि हात पुसून सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली. मुलीने सही केली. मी कागद पिशवीत ठेवला. मला वाटलं, सगळ्या दोन दिवसांत एवढं एकच काम मी चांगलं केलं.

रस्त्यावर येऊन काकांनी गाडीला किक मारली, पण गाडी पुढे घेतली नाही. बंद केली.

"बाय, आपल्याला मागं जायला लागंल."

"का? मी काही खोटं बोलले नाही."

"नाय बोललीस. पन त्या मानसाला अर्धंच सांगितलंस. सही त्यानं अर्ध्यावर केली."

मी वाद घातला. म्हटलं, सगळं सांगितलं तर तो नाही म्हणेल, आणि त्या मुलीचं सायन्स आपण आपल्या हाताने काढून घेतलेलं असेल. एक चूक तरी कुणाच्या उपयोगी पडू दे. काकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उद्या कोन तरी त्याला सांगंल का ती चूक होती. मग तो पोरीला इचारंल, तुला ठाव होतं काय. तवा तिनं काय बोलायचं?"

 आम्ही पुन्हा चपला हातात घेतल्या.

काकांनीच सांगितलं, बांधावर उकिडवं बसून, जसं एक घरचा माणूस दुसऱ्याला सांगतो. तुमच्या पोरीने तुम्ही सांगितलं तेच भरलं होतं. आमच्याकडून चूक झाली आणि सायन्स पडलं. आता ती म्हणते तिला तेच हवंय. सही तुम्ही केली आहे, पण हे न सांगता घेतली, म्हणून परत आलो. हवी तर फाडून टाकू.

 मुलगी चार पावलांवर उभी होती. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. मला वाटलं, आता संपलं. शेवटी वडिलांनी तिला विचारलं, "तुला पायजे काय?"

तिने मान हलवली. मग तेवढ्याने भागणार नाही असं वाटून म्हणाली, "पायजे."

वडिलांनी पाटातल्या पाण्यात पाय धुतले. "सही केली ती केली," काकांना म्हणाले. आणि मग, "सायन्सवाली पोरं मुरबाडनं किती वाजता सुटतात? शेवटची एसटी सापडंल काय हिला?"

सापडत नव्हती, असं पुढे निघालं. पहिले काही महिने तो माणूस सायकलवरून सरळगावपर्यंत तिला आणायला जायचा.

नववी मुलगी शनिवारी सकाळी सापडली, किन्हवलीच्या बाजारातच. दहाव्या मुलीचं घर आम्ही शुक्रवारीच शोधलं होतं. दाराला बाहेरून काठी लावलेली होती. शेजारच्या बाईने सांगितलं की ते सगळे कसाऱ्याला रस्त्याच्या कामावर गेलेत, जमीन नाही तर आवणी कुठली. शनिवारी हातात तीन तास होते. काका म्हणाले, तू नऊ अर्ज घेऊन मुरबाडला जा, मी कसाऱ्याला जाऊन पाहतो. मी सव्वाअकराला हेडक्लार्कच्या टेबलावर नऊ कागद ठेवले. त्यांनी एकेक वाचून शिक्का मारला. दहावा कुठे, असं विचारलं. मी म्हटलं, येतोय. भिंतीवरच्या घड्याळाखाली बाकावर बसून राहिले. साडेबाराला त्यांनी रजिस्टर मिटलं. अर्धा तास त्यांनी आपणहून थांबून दिला होता.

काकांनी कसाऱ्याला महामार्गाच्या कडेच्या तिन्ही वस्त्यांवर विचारलं होतं. एका ठिकाणी कळलं की ती मंडळी घाट चढून नाशिककडच्या दुसऱ्या कामावर गेली. कुठे, ते तिथल्या कुणाला माहीत नव्हतं. संध्याकाळी ते क्लासवर आले तेव्हा त्यांच्या कानशिलांवर चिखलाचे शिंतोडे होते. येताच वही काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवली. मी माझी ओळ लिहिली, नऊ दिवस उशिरा: काय बदललं, का बदललं. मग त्याखाली काय झालं तेही लिहिलं. काकांनी वाचलं आणि दहाव्या मुलीचं नाव त्यात घालायला लावलं. ते नाव मी इथे लिहीत नाही, पण मला ते पाठ आहे. वसतिगृहाच्या बाईंना मी पुढची दोन वर्षं भेटेन तेव्हा विचारत राहिले. त्यांनाही तिचा पत्ता लागला नाही. कदाचित तिने दुसरीकडे कुठे प्रवेश घेतला असेल. कदाचित नाही. तिला एवढंच माहीत असणार की आपल्याला कुठेच घेतलं नाही.

टोकावड्याकडची ती मुलगी दिवाळीनंतर एका रविवारी क्लासवर आली. फिजिक्स झेपत नाही, म्हणाली. शाखा बदलून मागायला आली असेल, असं मला वाटलं. ती विचारायला आली होती की शहापूरला कोण शिकवतं काय. मी शिकवलं तिला, बारावीपर्यंत, जमेल त्या रविवारी. तिला फिजिक्स कधी आवडलं असं मी म्हणणार नाही. बेताच्या गुणांनी ती बारावी झाली, मग लॅब टेक्निशियनचा कोर्स केला. एका ग्रामीण रुग्णालयात ती रक्त तपासते. एकदा माझ्या आईचं रक्त तिनेच घेतलं. नळीवर नावाची चिठ्ठी लावायच्या आधी तिने आईला तिचं पूर्ण नाव तिच्याच तोंडून सांगायला लावलं. आई चिडली, म्हणाली, इतकी वर्षं ओळखतेस आणि नाव विचारतेस?

त्या अटीच्या ओळीच्या जागी आम्ही नीट प्रोग्रॅम लिहिला. अर्ज दाखल होताच सेशन रिकामं व्हायचं आणि पुढची मुलगी कोऱ्या पानावर बसायची. मुरबाडच्या तुटणाऱ्या लाइनसाठी वेगळा उपाय शोधायला मला दोन आठवडे लागले. पहिला एका दुपारीत सुचला होता.

पुढच्या जूनमध्ये वसतिगृहाच्या बाई पुन्हा आल्या. त्या येतील असं मला वाटलं नव्हतं. या वेळी चौदा मुली होत्या. आम्ही अर्जाला चौथं पान जोडलं होतं. त्यावर आधीच्या तिन्ही पानांवरचं सगळं एकत्र दिसायचं. ते प्रत्येक मुलीने मोठ्याने वाचायचं आणि मगच दाखल करायचं, असा काकांचा नियम होता. मुली लाजायच्या, एकमेकींकडे बघून हसायच्या. एक अगदी बारीक चणीची मुलगी वाचता वाचता अडली. पडद्याच्या अगदी जवळ जाऊन पाहू लागली. मी विचारलं, काय झालं. तिच्या गावाच्या नावात एक काना राहिला होता. काका उठून आले आणि त्यांनी तिला मागे जायचं बटण दाखवलं. तिने एका बोटाने, त्यांच्यासारखंच, तो काना शोधून घातला. आम्ही सगळे थांबलो. मागे तेरा जणी उभ्या होत्या आणि घाई कुणालाच नव्हती.